चार आण्याची शेगडी

माणसाचं घर मोठं झालं की त्याला लहान घराची स्वप्नं पडायला लागतात. न्यू जर्सीत चार बेडरूम, अडीच बाथरूम आणि दोन गाड्यांचं गॅरेज असलेल्या घरात राहणाऱ्या माझ्या मेहुण्याला पन्नाशीच्या उंबरठ्यावर साक्षात्कार झाला की आपली खरी गरज दहा बाय बाराच्या एका खोलीची आहे. त्याच्या आईचं माहेर गिरगावातलं. तिथल्या चाळीत दहा बाय बाराच्याच खोलीत आईवडील, चार भावंडं, एक आत्या आणि शिकायला म्हणून आलेला कुणीतरी पुतण्या असे सगळे मावत. त्या खोलीतून बाहेर पडायला त्या घराच्या दोन पिढ्या घासल्या. तिसऱ्या पिढीनं कर्ज काढून, व्हरमाँट राज्यातल्या मेपलच्या रानात, तीच खोली परत बांधली. फरक इतकाच, की खोली गरम कशी करायची हा प्रश्न गिरगावात कधी कुणाला पडला नव्हता.

व्हरमाँटमध्ये तो पहिल्या थंडीतच पडतो. जानेवारीत तिथला पारा रात्री उणे २५ अंशांपर्यंत उतरला तरी कुणी वर्तमानपत्राला कळवत नाही. खोलीपर्यंत विजेची तार आलेली नाही. ती मुद्दामच आणलेली नाही, कारण तार आणली की निसर्गाशी एकरूप होता येत नाही म्हणे. तेव्हा उरली लाकडाची शेगडी. लोखंडी, पाय असलेली, मागून नळी निघून छपराबाहेर धूर सोडणारी. मेहुण्यानं मला फोनवर सांगितलं, "दाजी, खोली एवढीशी, शेगडी एवढीशी. कितीला पडणार? शंभर-दीडशे डॉलर!"

इथून पुढे जे घडलं ते महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या एका ओळीत सांगितलं जातं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

लहान वस्तू स्वस्त असते हा समज आपण भाजीबाजारातून घेऊन येतो. लहान वांगी, लहान कणसं, लहान पापलेट, सगळं कमी भावात. शेगड्यांच्या दुनियेत तसं नाही. तिथं मोठ्या घराला पुरणारी धिप्पाड शेगडी हार्डवेअरच्या मोठ्या दुकानात हजारांनी खपते, म्हणून तिचा भाव आवाक्यात राहतो. अगदी लहान शेगडी मात्र होड्यांत आणि चाकांवरच्या घरांत राहणाऱ्या हौशी मंडळींसाठी कुणीतरी मोजकी मोजकी घडवतो. तिला सुंदर काच असते, पितळी मूठ असते, आणि किंमत पाचशेपासून हजार डॉलरपर्यंत असते. सुटकेसमध्ये मावेल एवढ्या त्या डबीकडे बघून मेहुणा म्हणाला, "यात लाकूड जाळायचं की अत्तराची बाटली ठेवायची?"

बरं, त्याहून स्वस्त मिळत नाहीत असं नाही. पातळ पत्र्याच्या, घडीच्या पायांच्या शेगड्या शंभर-दीडशेला रग्गड मिळतात. पण त्यांच्या खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, 'फक्त घराबाहेर वापरण्यासाठी.' म्हणजे अंगणात ठेवून सगळ्या व्हरमाँट राज्याला ऊब द्यायची. यामागे सरकार आहे. अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं १९८८ मध्ये लाकडाच्या शेगड्यांच्या धुराला पहिल्यांदा माप लावलं, मग ते आवळत नेलं, आणि २०२० पासून चाचणीत तासाला सरासरी दोन-अडीच ग्रॅमच्या वर धुराचे कण सोडणारी नवी शेगडी घर तापवायला म्हणून विकता येत नाही. दोन ग्रॅम! आमच्या आजीच्या चुलीतून तेवढे फक्त तिच्या डोळ्यांत जात असत. हा नियम योग्यच आहे, धुरानं माणसं आजारी पडतात हे आजीचा खोकला ऐकलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. पण ती चाचणी करून घेण्याचा खर्च मोठ्या शेगडीला आणि लहान शेगडीला जवळपास सारखाच येतो. मग लहान शेगडीवाला काय करतो? ती तंबूची आहे म्हणतो. गिऱ्हाईकही मान डोलावतं आणि तंबूची म्हणून घरी नेतं.

मेहुण्याचा आदर्श थोरो. तोच, ज्याचा सविनय कायदेभंगावरचा निबंध गांधीजींनी वाचला होता. थोरोनं १८४५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्डन तळ्याकाठी दहा बाय पंधरा फुटांची झोपडी बांधली आणि तिचा खर्च दमडी न दमडी लिहून ठेवला : २८ डॉलर आणि साडेबारा सेंट. अर्धा सेंटसुद्धा सोडला नाही, म्हणून मला हा माणूस मनानं सदाशिव पेठेतला वाटतो. पण मेहुण्यानं तो हिशोब पुरता वाचला नव्हता. थोरोची जमीन एमर्सनची, म्हणजे मित्राची. कुऱ्हाड उसनी आणलेली. धुराड्याच्या विटा जुन्या बाजारातल्या, हजार विटांना चार डॉलर. पहिल्या हिवाळ्यात त्यानं उघड्या शेकोटीत लाकूड जाळलं. दुसऱ्या हिवाळ्यात, रान काही आपल्या मालकीचं नाही आणि लाकूड फार जातं हे ध्यानात आल्यावर, काटकसर म्हणून एक लहान स्वयंपाकाची शेगडी आणली आणि लगेच तक्रार सुरू केली : जागा अडवते, वास मारते, आणि जाळ दिसत नाही, त्यामुळे सोबतच गेली. साधेपणाच्या त्या महर्षींनाही स्वस्त शेगडी पसंत पडली नव्हती, तिथं आमच्या मेहुण्याची काय कथा.

बेंजामिन फ्रँकलिनची गोष्ट आणखी बोलकी. कमी लाकडात जास्त ऊब देणारी लोखंडी शेगडी त्यानं बनवली आणि १७४४ मध्ये तिच्या गुणगानाची पुस्तिकाही छापली. पेनसिल्व्हेनियाच्या गव्हर्नरनं पेटंट देऊ केलं, तर हा म्हणाला नको, लोककल्याणासाठी आहे. लंडनच्या एका लोखंडी सामानाच्या व्यापाऱ्यानं तीत थोडा फेरफार करून तिथं पेटंट मिळवलं आणि बरा पैसा केला. शिवाय मूळ रचनेत धूर आधी खाली जाऊन मग वर चढावा अशी अपेक्षा होती. धुराला ती मान्य नसे. पुढे इतरांनी ती नळी सरळ केली आणि मग ती शेगडी चालायला लागली.

मेहुण्याचा बेत मराठी मंडळात पसरल्यावर तर सल्ल्यांना ऊत आला. गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद हातात घेऊन उभे असलेले सगळे इंजिनिअर आणि प्रत्येकाची शेगडी वेगळी. एकानं सुचवलं, दोनशे लिटरचं तेलाचं पिंप आडवं कर, त्याला बसवायला बिडाचं दार, पाय आणि नळीची कॉलर यांचा तयार संच शंभर डॉलरच्या आसपास मिळतो. हे खरं आहे. अमेरिकेतल्या शेकडो गॅरेजांत अशी पिंपं धगधगत असतात. पण ते पिंप पेटलं की दहा बाय बाराच्या खोलीत मेहुणा तरी राहील किंवा पिंप तरी. दुसरा म्हणाला, लष्कराच्या गोळ्यांची जुनी पेटी घे. तिसऱ्यानं बागेतली जस्ताची बादली काढली. तिला मात्र तिथल्या तिथं सगळ्यांनी मिळून गप्प केलं, कारण जस्त तापलं की त्याचा धूर माणसाला आडवा करतो. चौथा रॉकेट स्टोव्हवर बोलायला लागला तो प्रसाद संपेपर्यंत. पुण्याहून मावशींचा फोन आला : "आमचा तांब्याचा बंब माळ्यावर पडलाय. मधून नळी, भोवती पाणी, दोन ढलप्यांत कढत! घेऊन जा." मेहुण्यानं विमानात तेवीस किलोच नेता येतात असं सांगून सुटका करून घेतली. मावशी म्हणाल्या, "मग कपडे नको नेऊस."

आणि मग अण्णा आले.

अण्णा म्हणजे माझे सासरे. सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेले. कोल्हापूरला शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत हयात गेलेली. बीड म्हणजे काय, ते कसं ओततात, कुठं पोकळ राहतं, कुठं तडकतं, हे त्यांना पुस्तकातून कळलेलं नाही. न्यू जर्सीत त्यांचा वेळ जाईना. टीव्ही कळेना, फूटपाथवर माणूस दिसेना. शेगडीचं निघताच त्यांनी चष्मा पुसला. मेहुण्यानं मोबाइलवर पंचवीस शेगड्या दाखवल्या. अण्णा प्रत्येकीला एकच प्रश्न विचारत, "वाजवून बघितलीस?"

जुनी शेगडी बघायला जाणं हा अमेरिकेत फिरण्याचा उत्तम मार्ग आहे, हे त्यांच्यामुळे कळलं. 'फुकट, फक्त घेऊन जा' अशी जाहिरात आली की मेहुणा मोहरून जाई. फुकटच्या शेगडीची मेख त्या 'घेऊन जा'मध्ये असते. एका तळघरात शेगडी फुकट होती आणि वजन दोनशे किलोंच्या पुढे. बहुधा घर तिच्याभोवती बांधलेलं असावं. दुसरीकडे शेगडी चकचकीत काळी, नुकताच रंग मारलेली. अण्णा वाकले, मधल्या बोटाचं हाड वाकवून तिच्या कुशीवर टकटक केली. वरच्या पत्र्यावर केली. मागच्या बाजूला केली. तिथला आवाज बद्द आला. "चीर हाय," ते म्हणाले. मालक म्हणाला, छे छे. अण्णांनी मेहुण्याला मोबाइलचा दिवा लावून शेगडीच्या पोटात ठेवायला सांगितला, दार लावलं, गॅरेजचं शटर ओढायला लावलं. अंधारात शेगडीच्या पाठीवर केसाएवढी उजेडाची रेघ उमटली. मालकानं शटर उघडलं आणि चारदा म्हणाला की आपल्याला हे ठाऊकच नव्हतं. अण्णा परतताना गाडीत म्हणाले, "नवा रंग दिसला की समजायचं, पोरगी दाखवायला पावडर लावल्या."

पत्रा की बीड, हा शेगडीवाल्यांतला जुना वाद. जाड पोलादी पत्रा लवकर तापतो, लवकर निवतो, आदळला तर वाकतो पण फुटत नाही. बीड सावकाश तापतं, आग विझल्यावरही बराच वेळ ऊब सोडत राहतं, पण तापलेलं असताना पाणी सांडलं तर तडकतं. शास्त्रानं पाहिलं तर लहान खोलीला, आल्या आल्या ऊब हवी असेल तर, पत्राच बरा. अण्णांपुढे हे शास्त्र मांडायची कुणाची छाती झाली नाही.

शेवटी एका म्हाताऱ्या बाईंच्या घराच्या पडवीत मनासारखी सापडली. डेन्मार्कच्या मोर्सो कंपनीची, गुडघ्याहून थोडी उंच, अंगानं अरुंद, आणि दोन्ही कुशींवर बिडातच ओतलेली खारीची चित्रं. ही कंपनी १८५३ सालची. नॉर्वेची जोतुल ही शेगड्यांतली दुसरी मोठी असामीही त्याच सालची. बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी सुटली ते हेच वर्ष. आपण लोखंडात आग घालून पळवत होतो तेव्हा ती मंडळी लोखंडात आग घालून शेजारी बसून होती, ज्याच्या त्याच्या हवामानाप्रमाणे. अण्णांनी टकटक केली. खणखणीत. दिवा आत ठेवला, काळोख. मग खिशातून एक डॉलरची नोट काढली, दाराच्या फटीत धरली, दार मिटलं आणि नोट ओढली. ती सुळकन बाहेर आली. याचा अर्थ दाराच्या कडेची काचतंतूंची दोरी झिजलेली, आत वारा शिरणार, आग आपल्या कह्यात राहणार नाही. दोरी नवी घालायला दहा-पंधरा डॉलर आणि एक दुपार लागते. पण बाईंना वाटलं, हे गृहस्थ डॉलर काढून भाव सांगताहेत. त्या घाबरून म्हणाल्या, एक डॉलर फार कमी होतो हो. चारशे सांगितलेल्या त्यांनी आपणहून साडेतीनशे केले. अण्णा नोटेची घडी घालून मेहुण्याला म्हणाले, "खारीचा वाटा म्हनून ह्येबी देऊन टाक." असे तीनशे एक्कावन्न झाले. शकुनाचा एक वर असलेला बरा, असं बाईंना इंग्रजीत समजावण्याची जबाबदारी माझ्यावर आली.

कोंबडी आली. आता मसाला.

शेगडीच्या मागची धातूची पाटी गंजून गेलेली होती. पाटी असती तर भिंतीपासून किती लांब ठेवायची ते तीवर लिहिलेलं असतं. पाटी नसलेल्या शेगडीला अमेरिकेतला अग्निसुरक्षेचा दंडक सरसकट छत्तीस इंच सांगतो. जळू शकेल अशा प्रत्येक गोष्टीपासून सगळ्या बाजूंनी तीन फूट. पुढे पडणाऱ्या ठिणग्यांसाठी अठरा इंच न जळणारी जमीन. अण्णांनी खडू घेतला आणि नव्या कोऱ्या पाइनच्या जमिनीवर रेघा मारल्या. सव्वासात फूट रुंद, सहा फूट खोल. खोलीचा तिसरा हिस्सा आणि वर थोडं शेगडीला गेलं. उरलेल्यात खाट आली, खुर्ची आली, दार उघडायला लागते ती जागा आली. मेहुणा उंबऱ्यात उभा होता आणि त्याला आत यायला जागा दिसत नव्हती. त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, म्हणाल्या, "शेगडीला भाड्यानं द्या की खोली. तीच राहील सुखानं."

यावरचा उपाय मला फार आवडला, कारण सबंध प्रकरणात खरोखर स्वस्त अशी तीच एक वस्तू निघाली. भिंतीवर पत्रा ठोकायचा, पण भिंतीला चिकटवून नाही. चिनीमातीच्या गोट्या मध्ये घालून भिंत आणि पत्रा यांत एक इंच फट ठेवायची, आणि ती खालून वरून उघडी ठेवायची. पत्रा तापला की फटीतली हवा तापून वर निघून जाते, खालून गार हवा आत येते, आणि मागची लाकडी भिंत तळहात ठेवता येईल इतकी थंड राहते. एवढ्यानं छत्तीस इंचांचे बारा होतात. दोन फूट जमीन परत मिळाली ती एक इंच हवेच्या जोरावर. अण्णांनी हिशोबाच्या वहीत लिहिलं, 'हवा : ० डॉलर', आणि खाली रेघ ओढली. त्यानंतरच्या कुठल्याही ओळीत शून्य नाही.

धुराडं आलं. खोलीच्या आतली काळी नळी एकेरी चालते, ती उलट ऊबच देते. पण छपरातून बाहेर पडताना दुहेरी हवी, स्टेनलेस स्टीलची, मध्ये उष्णतारोधक भरलेली. एक तर छपराचं लाकूड पेटू नये म्हणून. दुसरं असं, की धूर नळीत गार पडला तर त्यातली वाफ आणि डांबर आतल्या बाजूला थिजतं, थरावर थर चढतो, आणि एखाद्या रात्री तो थरच पेट घेतो. व्हरमाँटमधली निम्मी म्हातारी माणसं गप्पांच्या ओघात 'आमचं धुराडं पेटलं होतं तेव्हा' अशी सुरुवात करतात. उंचीचाही नियम आहे : छपरातून निघते तिथून तीन फूट तरी वर, आणि दहा फुटांच्या परिघात जे काही असेल त्याहून दोन फूट उंच. मोठ्या घरात हे कुठंतरी कोपऱ्यात जमून जातं. दहा बाय बाराच्या खोलीचं आख्खं छप्परच दहा फुटांच्या परिघात येतं, त्यामुळे कुठूनही काढा, आढ्याच्या वर दोन फूट तरी. घर अकरा फूट उंच, धुराडं साडेतेरा. शिवाय अमेरिकेत सगळा बाजार सहा इंची नळ्यांचा. खारीच्या शेगडीची नळी त्याहून बारीक, म्हणून जोडायला अडॅप्टर. नळीचा प्रत्येक तीन फुटी तुकडा बाजारात हातात घेतला की मेहुणा तो परत ठेवी, दुकानाला एक चक्कर मारी आणि पुन्हा उचली. टोपी, कॉलर, छपराचा पत्रा, आधाराचा कंस, सगळं धरून अकराशे डॉलर झाले. या पैशात मेहुण्यानं काटकसर करायचे दोन प्रयत्न केले आणि अण्णांनी दोन्ही हाणून पाडले. माझंही मत त्यांच्याच बाजूचं आहे. डबा जुना चालतो, नळी नवी हवी. लोक नेमकं उलटं करतात, कारण डबा पाहुण्यांना दिसतो आणि नळी छपरावर असते.

आणखी एक गंमत. मेहुण्यानं सबंध उन्हाळा खोलीच्या फटी फोम मारून बुजवण्यात घालवला होता. मुंगी आत येणार नाही, असा त्याचा दावा होता. मुंगी येत नव्हती आणि शेगडीला लागणारी हवाही येत नव्हती. हवा नसली की आग गुदमरते, धूर मागे फिरतो, आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा बिनवासाचा पाहुणा खोलीत वस्तीला येतो. तेव्हा बुजवलेल्या भिंतीला खाली मोजून चार इंचाचं भोक पाडण्यात आलं, आणि भिंतीवर त्या पाहुण्यावर नजर ठेवणारा अलार्म लागला.

लाकूड फुकट, हा शेवटचा भ्रम. रान भोवती आहे, वाळकं पडलेलं दिसतं. पण शेगडीला हवं ते वीस टक्क्यांहून कमी ओल असलेलं लाकूड. पडलेलं झाड जमिनीची ओल पीत पडलेलं असतं, आणि ओकचं ताजं लाकूड फोडून रचलं तरी नीट वाळायला दोन वर्षं घेतं. म्हणजे या जानेवारीचं जळण खोलीची कल्पना सुचण्याआधी तोडायला हवं होतं. विकत घ्यायला गेलं तर माप 'कॉर्ड'चं. चार फूट रुंद, चार फूट उंच, आठ फूट लांब, एकूण १२८ घनफूट. लाकूडवाला ट्रक रिकामा करून गेला, अण्णांनी टेप काढली. रास भरली कॉर्डच्या साधारण एकतृतीयांश. फोनवर लाकूडवाला शांतपणे म्हणाला, ती 'फेस कॉर्ड' होती. तिकडे सरपणवाले अशी भाषा वापरायला शिकलेत, आपल्याकडचे नुसतंच कमी देत. अण्णांनी दोन ओंडके हातात घेऊन एकमेकांवर आपटले. टणत्कार आला. "वाळलंय," ते म्हणाले, आणि भांडण तिथंच मिटलं. मग ध्यानात आलं, की ओंडके सोळा इंची कापलेले, तिकडचं तेच प्रमाण, आणि खारीच्या तोंडात फूटभराच्या वर काही जात नाही. मेहुण्यानं तीन शनिवार-रविवार प्रत्येक ओंडक्याचा शेंडा उडवला. उडवलेल्या चार-चार इंची तुकड्यांचा ढीग ओंडक्यांच्या ढिगाशी बरोबरी करायला लागला. ते तुकडे फार छान जळतात, ही गोष्ट वेगळी.

शेगडी पेटली तेव्हा मी तिथं होतो. पहिले दोन-तीन जाळ बारीक करायचे, बिडाला घाई चालत नाही, म्हणून अण्णांनी ढलप्याच तेवढ्या घातल्या. मग मोठी लाकडं. तासाभरात खोली वीस अंश, दीड तासात अठ्ठावीस, आणि मग थांबेचना. छोट्या खोलीत ऊब आढ्याला जाऊन बसते. माळ्यावरच्या गादीत पस्तीस अंश, खाली जमिनीवर बूट काढवेनात. डोक्यानं चेन्नईत आणि पायानं लडाखमध्ये, अशी आमची अवस्था. आग मंद ठेवावी तर धुमसते आणि नळीत डांबर चढतं. म्हणून जाळ भडक ठेवायचा आणि दार उघडायचं. बाहेर उणे अठरा, पायरीवर गुडघाभर बर्फ, आणि उघड्या दारात गंजिफ्रॉकवर बसलेला मेहुणा, हातात निसर्गावरचं पुस्तक. वहिनींनी मात्र शेगडीच्या माथ्यावर कढी ठेवली, पोटातल्या निखाऱ्यांवर वांगं ठेवलं आणि अर्ध्या तासात जे भरीत केलं, त्यात मला त्या शेगडीचे सगळे पैसे वसूल झाले. अर्थात पैसे माझे नव्हते. अण्णांच्या वहीतली शेवटची बेरीज एकवीसशे चाळीस डॉलर होती, त्यात शेगडी तीनशे एक्कावन्न.

लहान शेगडीचं पोटही लहान, हे कुठल्या जाहिरातीत लिहीत नाहीत. तान्ह्या मुलासारखं दर दोन-अडीच तासांनी तिला काहीतरी घालावं लागतं. न घालाल तर पहाटे खोलीतलं पाणी गोठतं. एव्हाना अण्णा कोल्हापूरला परतलेत. मेहुणा रात्री तीनला उठतो, तेव्हा तिकडे दुपारचे दीड वाजलेले असतात, अण्णांचं जेवण नुकतंच झालेलं असतं आणि ते फोनजवळ बसलेलेच असतात. त्यांना व्हिडिओवर शेगडी बघायची असते, मुलगा दिसला नाही तरी चालतं.

"राख सगळी काढतोस व्हय? इंचभर राहू दे खाली. निखारा टिकतो."

"ठेवली आहे अण्णा."

"काढलेली राख कशात ठेवलीस? पुठ्ठ्याच्या खोक्यात नको. चार-चार दिवस इंगळ असतो आत."

"झाकणाची बादली आहे. बाहेर बर्फात."

"झडप किती उघडी हाय?"

"अर्धी."

"मग ज्वाळ अशी पिवळी, सुस्त का? दार उघड बघू. फोन जवळ ने. अजून जवळ. आत धर जरा, मला मागची वीट दिसंना."

"अण्णा, फोन तापतोय."

"तापू दे की. बीड हाय का ते, तडकायला?"